एनव्हीडीए : मराठी पाने ऐकवणारा मोफत स्क्रीन रीडर

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर आहे. पडद्यावर जे काही असेल ते तो आवाजातून ऐकवतो किंवा ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांच्या यंत्रावर, उमटवतो, आणि माउसला हात न लावता सगळा संगणक कळफलकावरून चालवू देतो. मी जन्मापासून अंध आहे, मराठी मजकुराचे संपादन आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय आहे, आणि कामाचे बहुतेक तास हाच प्रोग्रॅम माझ्या कानाशी असतो. इंग्रजीत एनव्हीडीएबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. पण समोर मराठी पान आले की तो कसा वागतो, हे आपल्याकडे ज्याचे त्यालाच शोधून काढावे लागते. म्हणून हे परीक्षण मराठी वाचणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या आणि विशेषतः मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्या लोकांसाठी लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. प्रोग्रॅम उत्तम आहे, मराठी वाचनासाठी तो पुरेसा आहे, आणि जिथे तो अडखळतो तिथे बहुतेक वेळा दोष त्याचा नसून पानाचा असतो. पान बनवणाऱ्याने जे सांगितले असेल तेवढेच तो सांगू शकतो. त्यामुळे या परीक्षणाचा बराच भाग आपोआपच मराठी पानांचे परीक्षण झाला आहे.

मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीएची सुरुवात केली. पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला आणि २००७ मध्ये दोघांनी एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था स्थापन केली. दोघेही अंध. त्या काळी विंडोजवरचे चांगले स्क्रीन रीडर इतके महाग होते की कित्येकदा संगणकापेक्षा स्क्रीन रीडरचीच किंमत जास्त पडायची. डोळस माणसाला जो पडदा फुकट दिसतो तो ऐकण्यासाठी अंध माणसाने वेगळे पैसे का मोजावेत, हा प्रश्न या दोघांनी विचारला आणि त्याचे उत्तर स्वतः लिहून काढले. हा प्रोग्रॅम मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेला आहे आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. जगभरचे लोक त्यात भर घालतात, भाषांतरे करतात, चुका कळवतात. भारतातल्या अंध विद्यार्थ्यांच्या हाती संगणक आला, त्यामागे या मोफत असण्याचा वाटा फार मोठा आहे, असे मी माझ्या भोवतालच्या अनुभवावरून नक्की म्हणू शकते.

प्रोग्रॅम उतरवून घेणे आणि बसवणे हे काम कुणाच्याही मदतीशिवाय होते. फाइल उघडली की थोडे संगीत वाजते आणि लगेच आवाज बोलू लागतो, म्हणजे पडद्यावर काय आले आहे हे विचारायला घरातल्या कुणाला हाक मारावी लागत नाही. एनव्हीडीएच्या अनेक आज्ञा इन्सर्टची कळ धरून द्यायच्या असतात, आणि लॅपटॉपवर ही कळ अडचणीच्या जागी असते. तिच्याऐवजी कॅप्सलॉक वापरण्याची सोय पहिल्याच खिडकीत दिलेली आहे आणि ती तिथेच निवडून टाकावी.

आता आवाजाबद्दल, कारण नवीन माणसाची पहिली तक्रार इथेच असते. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक एनजी हे वाचायंत्र, म्हणजे मजकुराचे बोलणे करणारा प्रोग्रॅम, येते आणि त्यात मराठी आहे. हा आवाज माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून बनवलेला नाही. तो गणिताने घडवलेला आहे, त्यामुळे कोरडा आणि धातूसारखा वाटतो. त्याच्या मराठीत उणिवा आहेत. चंद्रातला च आणि चमच्यातला च तो एकसारखाच म्हणतो, म्हणजे दंततालव्य उच्चार त्याच्या गावीही नाहीत. कोणत्या अक्षरातला अ पूर्ण उच्चारायचा आणि कोणता गिळायचा, हेही लांब सामासिक शब्दांत त्याला नेहमी जमत नाही. तरीही मी कामासाठी हाच आवाज वापरते. याचे कारण वेग. सरावाने कान असे तयार होतात की ऐकणाऱ्या परक्या माणसाला नुसता खरखराट वाटावा अशा गतीनेही मला वाक्ये स्पष्ट कळतात, आणि त्या गतीला माणसासारखे मधुर आवाज फिसकटतात. ईस्पीक फिसकटत नाही. कळ दाबताक्षणी तो बोलतो आणि दुसरी कळ दाबताक्षणी गप्प होतो. कथा-कादंबरी ऐकायची असेल तर मात्र दुसरा आवाज घ्यावा. विंडोजचे स्वतःचे आवाज एनव्हीडीएत थेट वापरता येतात, आणि पैसे मोजायची तयारी असेल तर बाहेरचेही जोडता येतात.

इथेच मराठी संकेतस्थळांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज सुधारता येण्यासारखा दोष सांगते. प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, अगदी सुरुवातीच्या ओळीत त्या पानाची भाषा लिहायची असते. मराठीसाठी तिथे एम आणि आर ही दोन अक्षरे पुरतात. ती असली की एनव्हीडीए मूळ आवाज इंग्रजी असला तरी त्या पानापुरता मराठीकडे वळतो. वाचेच्या (स्पीच) सेटिंगमध्ये आपोआप भाषा बदलण्याचा पर्याय चालू असला म्हणजे झाले. पण कितीतरी मराठी पानांवर तिथे इंग्रजीची खूण तशीच राहिलेली असते, कारण विकत घेतलेला साचा इंग्रजी होता आणि त्या ओळीकडे कुणी पाहिलेच नाही. मग काय होते, ते ऐकण्यासारखे आहे. इंग्रजी बोलणाऱ्या ईस्पीकला देवनागरी अक्षरे दिसली की तो ती हिंदी समजून वाचतो. ज्ञानेश्वरांचे ग्यानेश्वर होतात, विज्ञानाचे विग्यान होते आणि वाक्याचा सगळा ठेका हिंदी होऊन बसतो. अर्थ कळतो, पण आपल्याच भाषेतला लेख सतत परक्या उच्चारात ऐकत राहणे थकवणारे आहे. दुसरे काही इंग्रजी आवाज तर देवनागरी सरळ गाळतात, आणि मग पूर्ण परिच्छेदातून मधले इंग्रजी आकडे आणि एखादे इंग्रजी नाव तेवढे ऐकू येते. ज्याला या खुणेचे गौडबंगाल माहीत नाही तो श्रोता समजतो की पान रिकामे आहे, आणि निघून जातो.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाला हा दोष काढायला एक मिनिट लागते. सेटिंगमधल्या जनरल या पानावर साइटची भाषा मराठी निवडायची आणि जतन करायचे. पानात मधेच इंग्रजीचा मोठा उतारा असेल तर तेवढ्या उताऱ्याला इंग्रजीची वेगळी खूण द्यावी. एखाद्या रोमन शब्दासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही, ईस्पीक तो शब्द आपण होऊन इंग्रजीत म्हणतो. जगभरच्या दहा लाख मुखपृष्ठांची दरवर्षी यंत्राने तपासणी करणाऱ्या वेबएम या अमेरिकी संस्थेच्या यादीत भाषेची खूण नसणे हा सर्वाधिक आढळणाऱ्या सहा दोषांपैकी एक आहे; त्यांच्या २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर सुगम्यतेचा, म्हणजे दिव्यांगांना पान वापरता येण्याबाबतचा, कोणता ना कोणता दोष सापडला. इंग्रजी पानाला भाषेची खूण नसली तरी इंग्रजी आवाज ते निभावून नेतो. मराठी पानाला मात्र ही चूक महागात पडते.

पानात फिरण्याची एनव्हीडीएची पद्धत मला फार आवडते. डोळस माणूस पान उघडल्यावर ते पहिल्या शब्दापासून वाचत बसत नाही, नजर टाकतो. ती नजर आम्हाला कळांनी मिळते. एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढची लिंक, टी दाबले की तक्ता, एफ दाबले की अर्जातला पुढचा रकाना, आणि शिफ्टबरोबर हीच अक्षरे दाबली की मागे. एकपासून सहापर्यंतचे आकडे त्या त्या पातळीच्या शीर्षकावर नेतात. बातम्यांचे पान नीट बांधलेले असेल तर दहाबारा वेळा एच दाबून मला दिवसाच्या सगळ्या ठळक बातम्या कळतात आणि हवी तिथे मी थांबते. पण शीर्षक म्हणून ज्याने नुसता मजकूर मोठा आणि ठळक केला, त्याच्या पानावर एच दाबले की "पुढे शीर्षक नाही" एवढेच उत्तर येते. डोळ्यांना जे शीर्षक दिसते ते एनव्हीडीएच्या लेखी इतर ओळींसारखीच एक ओळ असते. संपादकांनी वर्डमध्ये किंवा वर्डप्रेसमध्ये शीर्षकासाठी दिलेली शैलीच वापरावी, बोल्डचे बटण वापरू नये. याहून अधिक काही करावे लागत नाही.

इन्सर्टबरोबर एफ सात दाबले की पानातल्या सगळ्या लिंकची यादी उघडते. ही यादी फार उपयोगाची आहे, आणि मराठी लेखनातली एक सवय तिचा पार निकाल लावते. एका साहित्यविषयक पानावर मी ती यादी उघडली तेव्हा मला ओळीने ऐकू आले: अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा. कोणते "अधिक वाचा" कोणत्या लेखाचे, हे त्या यादीतून कळायला काहीही मार्ग नाही. प्रत्येक लिंकशी जाऊन मागची ओळ ऐकून यावे लागते. लेखाच्या नावालाच लिंक दिली असती तर तीच यादी अनुक्रमणिका झाली असती. "अर्जाचा नमुना उतरवण्यासाठी येथे क्लिक करा" या वाक्यातही लिंक "येथे" या शब्दाला न देता "अर्जाचा नमुना" या शब्दांना द्यावी. मी संपादन करते त्या मजकुरात ही दुरुस्ती हमखास करते, आणि डोळस वाचकांनाही असे वाक्य जास्त सुटसुटीत वाटते असा माझा अनुभव आहे.

तक्त्यांचे काम एनव्हीडीए किती सुरेख करतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाजारभावाचा तक्ता घ्या: बाजार समिती, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे स्तंभ आणि खाली लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर अशा ओळी. तक्ता करणाऱ्याने पहिली ओळ आणि पहिला स्तंभ ही शीर्षके आहेत असे कोडमध्ये सांगितले असेल, तर मी कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणाच्या कळांनी त्यात हवी तशी फिरते. उजवीकडे गेले की "कमाल दर" हे नाव आधी ऐकू येते आणि मग आकडा. खाली गेले की "सोलापूर" आधी आणि मग आकडा. किमान दराच्या स्तंभातून सरळ खाली उतरत सगळ्या समित्यांचे भाव ऐकता येतात. म्हणजे पडद्यावर आडवी-उभी नजर फिरवून जे कळते ते सगळे कळते. हाच तक्ता शीर्षकांशिवाय केला तर ऐकू येते ते नुसते आकड्यांमागून आकडे, आणि अठराशे हा किमान दर की कमाल, हे लक्षात ठेवण्याचे ओझे श्रोत्याच्या डोक्यावर. आणि तक्त्याचे छायाचित्र काढून तेच पानावर चढवले असेल तर तेवढेही नाही.

छायाचित्रांबद्दल मराठी संकेतस्थळांची स्थिती चिंताजनक आहे. आपल्याकडे सूचना, निमंत्रण, निकाल, व्याख्यानमालेचा कार्यक्रम, सारे काही सजवलेल्या चित्रात लिहून चढवण्याची पद्धत पडली आहे. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, जोडला नसेल तर एनव्हीडीए बहुधा ते चित्र मुळात सांगतच नाही. त्या चित्राला लिंक असेल तर नाइलाजाने फाइलचे नाव वाचतो. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र तसेच चढवलेले असले की "आय एम जी" पासून सुरू होणारी तारीख, मग "डब्ल्यू ए" आणि त्यापुढे चार शून्ये-आकडे असे काहीतरी ऐकू येते, आणि त्यामागे गावातल्या व्याख्यानमालेचा पूर्ण कार्यक्रम दडलेला असतो.

ऑल्ट टेक्स्ट लिहिणे अवघड नाही, पण त्यात विवेक लागतो. चित्र त्या पानावर कशासाठी ठेवले आहे, हे स्वतःला विचारावे आणि तेवढेच लिहावे. धरणाच्या बातमीतले छायाचित्र असेल तर "सर्व दरवाजे उघडलेले धरण, खाली पुलाच्या कठड्याला टेकलेले पाणी" हे मला उपयोगी आहे. "धरणाचे छायाचित्र" याचा काही उपयोग नाही, कारण ते छायाचित्र आहे हे एनव्हीडीए स्वतःच सांगतो. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीला पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा, म्हणजे एनव्हीडीए गप्प राहून पुढे जातो. चित्रात दोन परिच्छेदांची सूचना असेल तर ती ऑल्टमध्ये कोंबू नये. चित्राखाली साध्या मजकुरात लिहावी. ती शोधयंत्रांनाही सापडते, मोबाइलवर वाचायला सोपी जाते आणि कुणालाही नक्कल करून पुढे पाठवता येते. पर्यायी मजकूर मराठी पानावर मराठीतच लिहावा, हे वेगळे सांगावे लागू नये. पण इंग्रजी साच्यातले तयार शब्द तसेच राहिलेले मी रोज ऐकते.

अर्ज भरताना एनव्हीडीए दोन रीतींत काम करतो. वाचताना एच, के ही अक्षरे आज्ञा असतात. रकान्यात शिरले की तीच अक्षरे लिहिण्यासाठी मोकळी होतात, आणि हा बदल झाल्याचा छोटासा आवाज येतो. नवशिक्याचा गोंधळ इथेच जास्त उडतो, तेव्हा इन्सर्ट आणि स्पेस ही जोडी सुरुवातीलाच पाठ करावी. तिने रीत हवी तेव्हा बदलता येते. सवय झाली की त्याकडे लक्षही जात नाही. पण अर्जाचे रकाने आणि त्यांची नावे कोडमध्ये एकमेकांशी जोडलेली नसतील तर कितीही सवय असून भागत नाही. एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मला प्रत्येक रकान्यावर "एडिट, ब्लँक" एवढेच ऐकू येत होते. नाव, आईचे नाव, जातप्रमाणपत्राचा क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, सगळ्यांचे नाव एकच: रिकामा रकाना. जन्मतारीख लिहू देत नव्हते, दिनदर्शिकेतून निवडायला लावत होते, आणि ती दिनदर्शिका फक्त माउसला ओळखत होती. चूक झालेला रकाना तांबड्या चौकटीने दाखवला जात होता, शब्दांत कुठेच नाही. शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र ओळखून लिहायचे होते आणि त्याला आवाजाचा पर्याय नव्हता. हा अर्ज दुसऱ्याच्या डोळ्यांनी भरावा लागला, म्हणजे माझे खाते आणि माझा संकेतशब्द दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला. स्क्रीन रीडर कोणताही असता तरी इथे हेच झाले असते.

हा प्रश्न आता केवळ सौजन्याचा उरलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती आणि संवाद तंत्रज्ञान सुगम्य असावे असे स्पष्ट आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम ऐच्छिक न राहता बंधनकारक असले पाहिजेत असे सांगितले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्या प्रकरणाचे मूळ बँक आणि मोबाइल सेवांच्या ओळख-पडताळणीत होते, जिथे कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागते. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची नोंद ५० लाखांवर होती. यांतले किती लोक अर्जाच्या पहिल्याच रकान्यापाशी थांबले असतील, याचा विचार केल्याशिवाय मला राहवत नाही.

पीडीएफ हा आणखी एक जुना प्रश्न. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना सुरेख मराठी दिसतो, पण आतून ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि एनव्हीडीए ती प्रामाणिकपणे तशीच वाचतो. कानावर पडते ते कोणत्याच भाषेतले नसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हाच त्यावर उपाय. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ तर नुसते चित्र असते. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि आर दाबून पडद्यावरच्या चित्रातली अक्षरे ओळखण्याची सोय आहे. ती विंडोजच्या यंत्रणेवर चालते, इंग्रजी छापील मजकुरावर चांगले काम देते, पण देवनागरीसाठी मला तिचा उपयोग झालेला नाही. मी मराठी स्कॅनसाठी टेसरॅक्ट हा दुसरा मोफत प्रोग्रॅम वापरते, ज्याला मराठी येते. मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने एनव्हीडीएतली ही खरी उणीव आहे.

माझ्या व्यवसायाशी निगडित दोन गोष्टी थोडक्यात. मुद्रितशोधनासाठी केवळ आवाज पुरत नाही, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक वेगात ऐकताना कानाला लागत नाही. एनव्हीडीए ब्रेल डिस्प्लेला मराठी भारती ब्रेल (भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी) पुरवतो आणि बोटाखाली पहिली व दुसरी वेलांटी दोन वेगवेगळी चिन्हे म्हणून येतात. ज्यांना शुद्धलेखनाचे काम करायचे आहे त्यांनी ब्रेल सोडू नये. दुसरी गोष्ट "दुसऱ्या", "वाऱ्यावर" अशा शब्दांतल्या ऱ्य ची. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या र च्या पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण एनव्हीडीएच्या शोधात एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने सापडत नाही. एका संकेतस्थळाने एकच तऱ्हा ठरवून पाळली तर सगळ्यांचेच शोधणे सोपे होईल.

ज्यांना थोडे दिसते त्यांचाही विचार पान करणाऱ्याने करायचा असतो, आणि त्यांना एनव्हीडीए दरवेळी लागतोच असे नाही. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे रंगांतला उठाव, असावा असे म्हटले आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी देवनागरी या कसोटीला उतरत नाही. अनुस्वार आणि वेलांट्या आधी पुसट होतात आणि शब्द ओळखू येईनासा होतो, असे माझे अल्पदृष्टी असलेले सहकारी सांगतात.

संकेतस्थळ चालवणाऱ्या डोळस माणसाने एनव्हीडीए स्वतःच्या संगणकावर बसवावा, हा माझा आग्रह आहे. तपासणीची यंत्रे ऑल्ट टेक्स्ट आहे की नाही एवढे सांगतात. तो अर्थपूर्ण आहे का, हे ऐकल्यावरच कळते. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर नावाची खिडकी आहे, तिच्यात बोललेला प्रत्येक शब्द लिहूनही येतो, त्यामुळे आवाजाच्या वेगाची भीती बाळगायचे कारण नाही. सेटिंगमध्ये व्हिजन या विभागात सध्या वाचला जाणारा भाग चौकटीने दाखवण्याची सोय आहे, आणि स्क्रीन कर्टन चालू केला तर पडदा पूर्ण काळा होतो. आपल्याच संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडावे, पडदा काळा करावा, आणि फक्त एच, के आणि टॅबच्या कळेने संपर्काचे पान शोधून त्यावरचा अर्ज भरून पाहावा. वर सांगितलेले बहुतेक दोष तिथल्या तिथे कानावर पडतील.

इतर पर्यायांशी तुलना करायची तर विंडोजवर जॉज हा जुना, पैसे देऊन घ्यायचा स्क्रीन रीडर आहे आणि कार्यालयांतल्या काही गुंतागुंतीच्या प्रोग्रॅमांत तो अजूनही एनव्हीडीएपेक्षा सरस ठरतो. २०२४ च्या सुरुवातीस संपलेल्या वेबएमच्या पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून जॉज ४०.५ टक्के लोकांनी आणि एनव्हीडीए ३७.७ टक्के लोकांनी सांगितला होता, म्हणजे अंतर फारसे नाही. नुसते मराठी वेब वाचायचे असेल तर जॉजसाठी पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. मोबाइलवर अँड्रॉइडचा टॉकबॅक आणि गूगलचा मराठी आवाज ही जोडी ऐकायला ईस्पीकपेक्षा गोड आहे, आणि बातम्या वाचण्यापुरती ती पुरेशी आहे. लांबलचक मजकूर लिहिणे, तक्ते, मोठे अर्ज यांसाठी मात्र मी संगणकाकडेच वळते.

एनव्हीडीएच्या आणखी दोन उणिवा नोंदवते. इन्सर्ट आणि एफ सातने उघडणाऱ्या यादीत चित्रांचा वेगळा गट नाही. चित्रे तपासायची तर जी ही कळ दाबत एकेकावर जावे लागते. आणि दरवर्षीच्या पहिल्या आवृत्तीला जुनी ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बहुधा चालत नाहीत, ती नव्याने येईपर्यंत वाट पाहावी लागते. ज्यांचे रोजचे काम एखाद्या ॲड-ऑनवर अवलंबून आहे त्यांनी वर्षाची ती पहिली आवृत्ती लगेच बसवण्याची घाई करू नये.

शाळा, वाचनालये आणि सायबर कॅफे चालवणाऱ्यांसाठी शेवटची माहिती. एनव्हीडीएची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती संगणकावर न बसवताही चालवता येते, तेव्हा एखादा अंध विद्यार्थी स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन आला तर त्याला तो लावू द्यावा. विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकांवर २०२४.१ पासूनच्या आवृत्त्या चालत नाहीत, तिथे २०२३.३.४ ही आवृत्ती एनव्ही ॲक्सेसच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. उतरवताना देणगीचे पान समोर येते. देणगी ऐच्छिक आहे, पण संस्थेला शक्य असेल तर ती द्यावी, कारण पुढच्या आवृत्त्यांचा खर्च अशा देणग्यांवरही चालतो.